विकायचे घर आधी कोरडे करावे

पत्राचा गोषवारा :
गुहागर तालुक्यात आमचे कौलारू घर आहे. सासऱ्यांनी १९६१ साली स्वतः जागा विकत घेऊन ते बांधले. ते १९९४ मध्ये गेले, सासूबाई त्यानंतर चार वर्षांनी गेल्या आणि माझे यजमान २०१६ मध्ये. मी शिक्षिका म्हणून निवृत्त झाले असून चिपळूणला मुलाजवळ राहते. धाकटे दीर डोंबिवलीला आणि नणंद रत्नागिरीला असते. घर विकावे हे तिघांनाही मान्य आहे. आहे त्या स्थितीत एका गृहस्थांनी अडतीस लाख देऊ केले आहेत. मुलाचे म्हणणे असे की, चौदा लाख खर्चून घर नव्यासारखे केले तर साठ लाख येतील, आणि दलालही तसेच सांगतो. ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात पडवीवर स्लॅब, आत फॉल्स सीलिंग, सगळीकडे चकचकीत टाइल्स, बाहेरून सिमेंटचा गिलावा व रंग आणि अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आहेत. पैसे माझ्या निवृत्तीच्या रकमेतून जाणार. दीर आणि नणंद तोंडी म्हणतात, 'तुम्ही कराल ते योग्य.' काय करावे?
– एक वाचक भगिनी, चिपळूण

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राबरोबर ठेकेदाराचे अंदाजपत्रक आणि घराचे फोटो आले, हे फार बरे झाले. चौदा लाखांचे हे काम करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र घराला हातच लावू नये, असेही मी म्हणणार नाही. कागदपत्रे मार्गी लागल्यावर पाच लाखांच्या आत काही कामे करावीत आणि मग घर विक्रीला काढावे. तुमच्या चिरंजीवांचा उत्साह चुकीचा नाही. घर नीटनेटके केले की त्याला चांगले गिऱ्हाईक मिळते, हे खरेच आहे. परंतु शहरातल्या फ्लॅटला जे लागू पडते ते समुद्राजवळच्या जांभ्या दगडाच्या घराला जसेच्या तसे लावले, तर पैसे जातात आणि घरही बिघडते.

आधी हिशेब करू. साठ आणि अडतीस यांतला फरक बावीस लाखांचा. जुन्या घराचे काम काढले की आत काय निघेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून चौदाचे सोळा लाख धरा. उरले सहा. वाढीव किमतीवर दलालाचे दोन टक्के, म्हणजे चव्वेचाळीस हजार, वजा करा. राहिलेल्या वाढीवर साडेबारा टक्क्यांप्रमाणे सुमारे सत्तर हजारांचा भांडवली नफा कर जातो. सोळा लाख वर्षभर मुदत ठेवीत सात टक्क्यांनी राहिले असते तर एक लाख बारा हजार मिळाले असते, तेही मोजायला हवेत. शेवटी हाती पावणेचार लाखांच्या आसपास राहतात, आणि तेही दलालाचा साठचा आकडा खरा ठरला तर. घर पंचावन्नला गेले तर हाच हिशेब उलटा होऊन पन्नास-पंचावन्न हजार तुमच्या अंगावर येतात. दलालाच्या तोंडचा आकडा म्हणजे कोणी लेखी दिलेली किंमत नव्हे. अडतीस लाख मात्र एका गृहस्थांनी खरोखर देऊ केले आहेत.

याहून मोठी गोष्ट वाटेकऱ्यांची आहे आणि ती तुमच्या पत्रात एका ओळीत आली आहे. घर सासऱ्यांनी स्वकष्टाने बांधलेले आहे. त्यांनी किंवा सासूबाईंनी मृत्युपत्र केले नसेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे दोन मुलगे आणि एक मुलगी यांचा सारखाच वाटा होतो. यजमानांचा एक तृतीयांश तुमच्याकडे आणि मुलाकडे आला, उरलेले दोन वाटे दिरांचे आणि नणंदेचे. मुलींना हक्क २००५ नंतर मिळाला असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते, पण ती दुरुस्ती मुख्यतः वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीविषयी आहे. वडिलांच्या स्वतःच्या कमाईच्या मिळकतीत मुलीचा वाटा १९५६ पासूनच मुलाइतका आहे. आता असे पाहा की, सोळा लाख तुम्ही एकटीने घातले आणि किंमत बावीस लाखांनी वाढली, पण खर्चाविषयी काहीच लिहून ठेवलेले नाही. वाढीतला तिसरा हिस्सा म्हणजे सव्वासात लाखांच्या थोडे वर तुमच्या घरात येतील, आणि साडेआठ लाखांहून अधिक रक्कम तुमच्या निवृत्तीच्या पुंजीतून कायमची कमी होईल. यात कोणाच्या मनात खोट असण्याची गरज नाही. दोन वर्षांनी प्रत्येकाच्या आठवणीत 'तुम्ही कराल ते योग्य' या वाक्याचा अर्थ वेगळा झालेला असतो, आणि अशा वाक्यांवरून तुटलेली भावकी मी गावोगाव पाहिली आहे.

म्हणून खिळा ठोकण्यापूर्वी तुम्ही, मुलगा, दीर आणि नणंद अशा चौघांच्या सह्यांचा करार हवा. कामावर किती खर्च करायचा, तो कोणी करायचा, विक्रीच्या रकमेतून तो आधी वळता करून उरलेले तीन भागांत वाटायचे, आणि ठरलेल्या मुदतीत घर विकले गेले नाही तर काय, हे त्यात वकिलाकडून स्पष्ट लिहून घ्यावे. काही जण तुम्हाला नणंदेकडून हक्कसोडपत्र करून घेण्याचा सल्ला देतील. तिने स्वतः विचार करून दिले तर ते नोंदणीकृत असावे, पण विक्रीच्या तोंडावर बहिणीला सहीसाठी बोलावून तिचा वाटा सोडवून घेण्याची चाल मला मान्य नाही. ज्या घरात ती वाढली त्या घराच्या पैशांतला तिचा भाग तिला मिळावा, आणि विक्रीखतावर तिची सही मालकीण म्हणून व्हावी. खरेदीदाराच्या वकिलालाही हेच अधिक बिनधोक वाटते.

कागदपत्रांत पहिला प्रश्न घराखालच्या जमिनीचा येतो. ग्रामपंचायतीचा घरपत्रकाचा उतारा तुमच्याकडे आहे, पण तो कर आकारणीचा कागद असून मालकीचा पुरावा म्हणून पुरेसा धरला जात नाही. घर गावठाणात असेल तर तिथे ड्रोनने मोजणी झाली आहे का, याची चौकशी करा. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणातल्या घरांना मालमत्ता पत्रके मिळतात आणि बँका ती पाहतात. घर सातबाऱ्यावरच्या जमिनीत असेल तर त्यावर चौघांची वारसनोंद झाली आहे का आणि घराची जागा बिनशेती आहे का, हे तपासा. जमीन शेतीची राहिली असेल तर महाराष्ट्रात ती सर्वसाधारणपणे शेतकरीच विकत घेऊ शकतो, त्यामुळे मुंबई-पुण्याकडची निम्मी गिऱ्हाइके पहिल्या दिवशीच गळतात. फोटोत माडांच्या मागे पाणी दिसते आहे. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर घर किनारा नियमन क्षेत्रात येते का, हेही पाहावे लागेल. समुद्रकिनाऱ्यावर हे क्षेत्र भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंत असते. त्यात अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती होऊ शकते, पण जोत्याचे क्षेत्र वाढवणे किंवा नवे बांधकाम करणे वेगळ्या परवानगीचा विषय आहे. पडवीवरचा स्लॅब त्या वादात सापडू शकतो. ही सगळी कामे तलाठी कार्यालय, भूमी अभिलेख कार्यालय आणि ग्रामपंचायत यांच्या पायऱ्या चढून होणारी आहेत. त्यांना रंगरंगोटीइतके पैसे लागत नाहीत, पण किमतीत त्यांच्याइतकी भर दुसरे कोणतेच काम घालत नाही.

आता प्रत्यक्ष घराकडे येतो. त्यातही आधी छपराकडे, कारण कोकणातले घर म्हणजे मुळात छप्परच असते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि वाऱ्याबरोबर तो तिरका येतो. तुमच्या फोटोत मागच्या बाजूला आढे, म्हणजे छपराच्या माथ्यावरचे आडवे लाकूड, मधोमध किंचित खाली वाकल्यासारखे दिसते, आणि देवघराच्या वरच्या वाशावर मातीची बोटाएवढी जाड रेघ भिंतीपासून चढत गेलेली आहे. ती रेघ म्हणजे वाळवीची वाट. गावातल्या अनुभवी सुताराला वर चढवून प्रत्येक वासा कोयत्याच्या मुठीने ठोकून पाहायला सांगा. भरीव लाकूड टणक वाजते आणि आतून खाल्लेले लाकूड खोक्यासारखे. वासा भिंतीवर जिथे टेकतो तिथे जाड पेचकस दाबून पाहावा, कारण पाणी तिथेच मुरते आणि कूज तिथूनच सुरू होते. ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात या तपासणीचा एक रुपयाही नाही. उलट हे सगळे फॉल्स सीलिंगने झाकण्यासाठी पावणेदोन लाख आहेत. कौलारू छपराखाली असे सीलिंग केले की गळती कुठे आहे ते दिसत नाही, दमट हवा कोंडते आणि उंदरांना राहायला आयती जागा होते. शिवाय खरेदीदार जाणता असेल तर त्याला पहिली शंका हीच येते की, वर काय लपवले आहे.

खराब झालेले वासे आणि रिपा बदला, चांगले तसेच ठेवा. नव्या लाकडाच्या टोकांना आणि भिंतीत जाणाऱ्या भागाला काजूच्या टरफलांचे तेल दोनदा लावावे. आपले लोक होड्यांना आणि घरांच्या लाकडाला हेच तेल वापरत आले आहेत. वाळवीचा उपचार जमिनीपासून करून घ्यावा, कारण वाळवी वाशात जन्मत नाही, मातीतून वर येते. कौले सगळी उतरवून, घासून, फुटकी बाजूला काढून पुन्हा चढवावीत आणि त्यांच्या जागी नवी न घेता आसपास मोडणाऱ्या घरांतली जुनी त्याच मापाची मंगलोरी कौले शोधावीत. मंगलोरला बाझेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून ही कौले आपल्या किनाऱ्यावर येत राहिली. तुमच्या ओटीवरच्या एका कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव उमटलेले फोटोत दिसते, ते काढून टाकू नका. कोणी स्वस्त म्हणून पत्रे सुचवील. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत उडालेले पत्रे लोकांनी पाहिले आहेत. कौलेही गेली, पण फुटलेली कौले एकेक करून बदलता आली.

स्लॅबविषयी थोडक्यात लिहितो. तुमच्या भिंती जांभ्याच्या आहेत आणि त्यांच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, मातीने भरलेल्या आहेत. त्या छपराचा भार पेलायला बांधल्या आहेत, स्लॅबचा नव्हे. शिवाय खाऱ्या वाऱ्यात स्लॅबमधल्या सळ्या गंजतात, गंजल्या की फुगतात आणि खालचा काँक्रीटचा थर सुटून पडतो. हे काम सरळ रद्द करा.

बाहेरच्या सिमेंट गिलाव्याविषयी मात्र मला अनुभवाने बोलायचे आहे. आंजर्ल्याजवळ माझ्या मामांच्या घराला मी स्वतः उभा राहून सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट करून घेतला होता. तेव्हा मला बांधकामाच्या देखरेखीचा आठ वर्षांचा अनुभव होता आणि मला ते बरोबरच वाटले होते. जांभा सच्छिद्र असतो. तो जोत्यातून थोडे पाणी वर ओढतो आणि उन्हाळ्यात बाहेर टाकतो. आम्ही त्याची बाहेर पडण्याची वाट बंद केली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर माजघरातल्या भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीवर, रंगाचे फोड उठले. नखाने एक फोड उचलला तर आतून पिठासारखा लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार, हातावर पडला. गिलावा काढायला गेलो तेव्हा तो जांभ्याचा पापुद्रा घेऊनच निघाला, आणि साठ वर्षे जशीच्या तशी राहिलेली चिऱ्यांची कोर आम्ही एका आठवड्यात घालवली. मामी त्या भिंतीला टेकून तांदूळ निवडत असत. त्यांनी जागा बदलली, एवढेच त्या मला बोलल्या. तुमच्या घराच्या दर्शनी भिंती उघड्या चिऱ्यांच्या आहेत आणि चिरे सुंदर आहेत. त्यांच्या दर्जा चुन्यात भरून घ्या आणि आतून जिथे गिलावा सुटला आहे तिथे चुन्याचाच गिलावा करून चुन्याची सफेदी द्या. चुना करणारा गवंडी आता शोधावा लागतो, पण दापोली-गुहागर पट्ट्यात मंदिरांची कामे करणारे जुने हात आहेत. चार ठिकाणी विचारले की मिळतात.

जमिनीचे काय करावे, हे ओल पाहून ठरवा. प्लास्टिकचा हातभर तुकडा जमिनीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवून दोन दिवस ठेवा. खालच्या बाजूला पाण्याचे थेंब धरले तर जमिनीतून ओल येते आहे, आणि त्यावर टाइल्स घालून काही साधणार नाही. आधी घराभोवतीची माती जोत्याच्या खाली उतरवून पागोळ्यांचे पाणी पन्हळीने घरापासून दूर न्यावे लागेल. तुमच्याकडे मागच्या बाजूला वर्षानुवर्षे पालापाचोळा आणि माती साचून जोते जवळजवळ बुडाले आहे. दोन गडी आठवडाभर लावून ही माती काढली तर घराला जेवढा गुण येईल, तेवढा टाइल्सच्या अडीच लाखांनी येणार नाही. ओटीवरचा जुना कोबा घासून ठेवा, फार झिजला असेल तिथे शहाबादी फरशी घाला.

पैसे जिथे मोकळ्या हाताने घालावेत अशी तीन ठिकाणे आहेत. पहिले म्हणजे घराला लागून एक चांगले शौचालय आणि न्हाणीघर. शहरातून येणारे गिऱ्हाईक ओटी-पडवी पाहून हरखते आणि मागच्या दारी अंधाऱ्या संडासाकडे बोट दाखवले की किमतीचे बोलणे थांबवते. शोषखड्डा विहिरीपासून किमान पंधरा मीटर लांब आणि शक्यतो उताराच्या खालच्या अंगाला असावा. हे काम जोत्याच्या बाहेर जात असेल तर आधी परवानगीचे पाहावे, नाहीतर मागच्या पडवीतच बसवावे. दुसरे, विजेचे सगळे वायरिंग नवे, नीट अर्थिंगसह आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचसह. तिसरे, विहीर उपसून साफ करणे, तिच्या पाण्याची तपासणी करून अहवाल हाताशी ठेवणे आणि पंप बसवणे. खिडक्यांची लाकडी तावदाने ठेवा. त्यांची बिजागरे आणि कड्या मात्र गंजरोधक घ्या, साध्या लोखंडाच्या नकोत. दारा-खांबांवर थरावर थर दिलेला तैलरंग खरवडून जवसाचे तेल चोळले की आतले लाकूड दिसू लागेल. फोटोतला ओटीवरचा झोपाळा, त्याच्या पितळी कड्यांसह, घराबरोबरच द्या. सजावट म्हणून एवढे पुरते. बाकी सामान काढून खोल्या मोकळ्या करणे, गडगा ढासळला आहे तो रचून घेणे, बेड्यापासून, म्हणजे आवाराच्या दारापासून, अंगणापर्यंतची दगडी पाखाडी झाडून घेणे आणि तुळशीवृंदावनाला सफेदी देणे, ही कामे घरच्या माणसांनी करण्यासारखी आहेत.

एवढ्या सगळ्याला माझ्या अंदाजाने पाच लाखांच्या आत भागावे. किंमत साठला नेण्याची यात गरजच नाही. घर शेहेचाळीसला गेले, तरी वरच्याच रीतीने हिशेब केल्यास खर्च, दलाली, कर आणि व्याज वजा जाऊन दोन लाखांच्या वर उरतात, आणि किंमत फारशी वाढली नाही तरी तुमची पुंजी धोक्यात येत नाही.

कामाला दिवाळीनंतर हात घाला आणि छप्पर फेब्रुवारीअखेर पुरे करा. त्यापुढे आंब्याचा हंगाम लागला की सुतार, गवंडी, गडी कोणीच जागेवर सापडत नाही, आणि मृगाच्या तोंडावर उघडे राहिलेले छप्पर म्हणजे घराचे दुर्दैव. घर मे महिन्यात दाखवायला काढा, पण विकण्याची घाई त्याच मे महिन्यात करू नका. एक पावसाळा जाऊ द्या. ज्याला घर खरोखर घ्यायचे आहे त्याला श्रावणात, पाऊस कोसळत असताना, या म्हणून सांगा आणि माजघरात बसवून चहा द्या. कोरडे छप्पर त्याला आपणच दिसेल.

एखादा दोष दुरुस्त करणे परवडत नसेल तर तो रंगाखाली झाकू नका, खरेदीदाराला सांगा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने, सहज नजरेस न येणारा आणि विक्रेत्याला माहीत असलेला मोठा दोष सांगणे विक्रेत्यावर बंधनकारकच केले आहे. आणि ज्याला आपण वाडवडिलांचे घर देतो आहोत, त्याच्याशी तरी तसे वागू नये, असे मला वाटते.

करासाठी प्रत्येक खर्चाचे पक्के बिल ठेवा आणि पैसे बँकेतून द्या. घराची सुधारणा म्हणून केलेला खर्च नफ्यातून वजा मिळू शकतो, नुसत्या रंगाचा सहसा मिळत नाही. घर २००१ पूर्वीचे असल्याने १ एप्रिल २००१ ची वाजवी किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. ती नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून घ्या. कर साडेबारा टक्क्यांनी की महागाई निर्देशांक धरून वीस टक्क्यांनी भरायचा, यांत तुम्हाला निवड आहे. चौघांचा कर वेगवेगळा भरायचा असल्याने हिशेब सनदी लेखापालाकडून प्रत्येकाने स्वतंत्र करून घ्यावा. विक्रीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेऊ नका, गिऱ्हाईक कितीही आग्रह करो.

ठेकेदाराने पन्नास हजार आगाऊ मागितले आहेत, असे पत्राच्या शेवटी लिहिले आहे. ते या आठवड्यात देऊ नका. आधी रत्नागिरीला नणंदेकडे जाऊन या, दिरांना फोनवर सोबत घ्या आणि हा हिशेब तिघे मिळून वाचा. तोवर सुताराला वर चढवून देवघराच्या वरचा वासा आणि आढे ठोकून घ्या, आणि त्याने काय सांगितले ते मला कळवा. आढे बदलावे लागणार असेल तर वरचा पाच लाखांचा अंदाज मी तुम्हाला पुन्हा मांडून देईन.